चार नंबरच्या टेबलावरचा तपकिरी कोट

६ फेब्रुवारी, शुक्रवार

'प्रेमाला रिव्हर्स नाही' आज लागला. पहिला दिवस, पहिला खेळ. गेले. करमणुकीसाठी नव्हे, यांचं काम आहे त्यात म्हणून. तेवढं बघायचं आणि उठून यायचं, बाकी सिनेमाकडे लक्ष द्यायचं नाही, असं घरातून ठरवून निघाले होते.

लक्ष द्यावं लागलं. यांचं काम इंटर्व्हलनंतर आहे.

गोष्ट अशी. नायक गाडी मागे घेताना नायिकेच्या गाडीला ठोकतो. भांडण. भांडणाचं प्रेम. मग गैरसमज. तो एका फोनने मिटला असता, आणि फोन तर सबंध सिनेमाभर दोघांच्या हातातून सुटत नाही. शेवटी नायक पुन्हा गाडी ठोकतो, या खेपेला मुद्दाम. टाळ्या पडाव्यात म्हणून तिथे जरा थांबलेत. कोणी वाजवल्या नाहीत.

नायकाला कोणीतरी हस म्हणून सांगितलंय. पुरे म्हणून सांगायचं राहिलं असावं.

आता यांचं काम. हॉटेलातला सीन. नायक अंगठी काढतो, ती सूपमध्ये पडते. पाठीमागे टेबलं मांडलीत. चौथ्या टेबलावर तपकिरी कोट घालून पाठमोरे बसलेले ते हे. कपात चमचा फिरवतात. मध्येच मान जराशी डावीकडे वळवतात, पुन्हा कपाकडे बघतात. मग कॅमेरा सूपवर जातो.

एवढंच आहे, पण काय केलंय!

ओळखायला चूक होणं शक्य नाही. शूटिंगहून आल्यावर स्वतः सांगितलं होतं, चार नंबरचं टेबल मिळालं, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. शिवाय उजव्या कोपरावरचं रफू माझं आहे. माझं रफू मी झोपेतही ओळखीन. माझ्या शिवणाच्या दुकानाच्या पाटीवर ते उगाच नाही लिहिलेलं.

रडले वगैरे नाही. थिएटरात एसी फार जोरात आहे, डोळ्यांना सोसत नाही.

संकल्प: या सिनेमावर पुन्हा पैसे घालायचे नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज परत जाऊन आले. पहिल्या दिवशी मत घाईत बनतं. कोणावर अन्याय नको.

अन्याय झालेला नाही. सिनेमा कालच्यापेक्षा वाईट आहे.

मुख्य तक्रार अशी की माणसं वाया घालवलीत. नायिकेची आई झालेली बाई बघा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिच्या एका नाटकाला आम्ही दोघं गेलो होतो. शेवटच्या अंकात ती नुसती उठून खिडकी लावते आणि सबंध नाट्यगृहात कोणी खोकत नाही. अशा बाईला इथे काय दिलंय? दार उघडायचं, 'आलात?' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मग पुन्हा दार, पुन्हा 'आलात?'. घरात दुसरं कोणी दार उघडणारं नाही असं दिसतं.

आणि ते थोरले नट, ज्यांच्या नुसत्या आवाजावर लोक तिकिटं काढायचे, ते इथे नायकाचे काका. त्यांच्या हातात ट्रे दिलाय. पहिल्या गाण्यात ट्रे, गैरसमजात ट्रे, शेवटी गाडी ठोकतात तेव्हाही ते ट्रे घेऊन फुटपाथवर उभे. ट्रेमध्ये काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. त्यांनाही माहीत नसावं. रेशमी कापड आणून पायपुसणं शिवायचं, त्यातली गत.

त्या मानाने यांच्या वाट्याला बरंच आलंय. पण यांचाही पुरता उपयोग केलेला नाही. वळून एकदा समोर बघायला सांगितलं असतं तर सीन कुठल्या कुठे गेला असता.

टेक्निकल चूकही आहे. हे मान वळवतात नेमक्या त्याच वेळी टेबलक्लॉथवर कोणाची तरी सावली पडते. दिव्याच्या आड कोणी बावळट कडमडलेला असणार. एवढा खर्च करतात, एका माणसाला बाजूला हो म्हणता येत नाही?

९ फेब्रुवारी, सोमवार

मुलीचा फोन. म्हणाली, आई, शनिवारी परत गेली होतीस म्हणे. आत्यांनी सांगितलं. (आत्या म्हणजे माझी नणंद. वन्संच्या पोटात काही राहत नाही.) मी म्हटलं, अभ्यास करते आहे. कसला, म्हणाली. मी म्हटलं, चित्रपटाचा. ती मग म्हणाली, आई, बाबा गर्दीत बसायला जायचे गं.

शिकलेली मुलगी आहे, पण गर्दी आणि पार्श्वभूमी यांतला फरक कळत नाही.

हे पाण्याच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि घरात बसून कंटाळले. ओळखीचा एक माणूस सिनेमावाल्यांना माणसं पुरवतो. लग्नाच्या सीनला पाहुणे, कोर्टाच्या सीनला बघे. त्याने यांना नेलं आणि यांना ते आवडलं. येऊन सांगायचे, आज माझा सीन होता. सिनेमा लागला की मला घेऊन जायचे आणि वेळ आली की कोपराने ढोसायचे, आता बघ. मी बघेपर्यंत गेलेलं असायचं. कधी खांद्याचा तुकडा, कधी कोणाच्या तरी फेट्यामागे अर्धं टक्कल. इतक्या सिनेमांत मला हे एकदाही धड दिसले नाहीत.

या सिनेमात दिसतात. ढोसायला शेजारी नाहीत, पण दिसतात. आणि नीट दिसतात.

मुलीला मी शेवटी कोटाचंच उदाहरण दिलं. शूटिंगच्या दिवशी हे नुसत्या शर्टावर घरी आले. थंडी मी म्हणत होती. कोट कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाले, ठेवून घेतलाय. कंटिन्युइटीसाठी लागतो. म्हणजे पुढे त्याच सीनचं शूटिंग निघालं तर तोच कोट हवा. आता मला सांगावं, गर्दीतल्या माणसाचा कोट कोणी ठेवून घेतं का?

मुलगी म्हणाली, बरं. जेवलीस का?

११ फेब्रुवारी, बुधवार

वन्संना घेऊन गेले. चूक झाली.

पहिला अर्धा भाग त्या झोपल्या. ते मी समजू शकते. नेमकं हॉटेलच्या सीनला मी ढोसलं. जाग्या झाल्या, डोळ्यांवर चष्मा चढवला, पुढे वाकून बघितलं आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाल्या, हा माझा भाऊ नव्हे.

मी म्हटलं, वन्सं, हळू.

त्या म्हणाल्या, हळू काय हळू, कान बघ की. माझ्या भावाचे कान म्हणजे दोन्ही बाजूंना उघडी दारं. आई म्हणायची, वारा सुटला की याला धरून ठेवा. आणि हा बघ, कान डोक्याला इस्त्री करून बसवलेत. लहानपणी ते कान मी पिळलेत, मला सांगू नकोस.

बाहेर आल्यावर मी त्यांना शांतपणे कॅमेऱ्याचा अँगल समजावून सांगितला. भिंगातून कान बसके दिसू शकतात. रफूबद्दलही सांगितलं. त्या म्हणाल्या, रफूला कान नसतात.

मत्सर आहे, दुसरं काय. भावाचं नाव झालं, वन्संना सिनेमात कोणी विचारलं नाही. मी मनावर घेतलं नाही. घरी येऊन यांचा लग्नातला फोटो काढून बघितला, पण तो दुसऱ्या कारणासाठी.

फोटोत कान मोठे आहेत. फोटो जुना आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सिनेमाचे खेळ कमी केले. आता फक्त दुपारी बाराचा. याचा अर्थ लोकांना चांगल्याची पारख नाही. वाईटाचीही नाही, नाहीतर तोही काढला असता.

आज थिएटरात मी, कोपऱ्यात एक जोडपं आणि एसीच्या खाली तोंड उघडं टाकून झोपलेला एक सेल्समन. जोडप्याचं सिनेमाकडे लक्ष नव्हतं. हॉटेलच्या सीनच्या जरा आधी मी उठून त्यांच्या मागच्या रांगेत जाऊन बसले आणि म्हटलं, आता चौथ्या टेबलाकडे बघा. ती मुलगी दचकली. त्यांनी बघितलं का ते कळलं नाही. पुढच्या सीनला ती दोघं बाल्कनीत होती.

रसिक तयार करावे लागतात.

१५ फेब्रुवारी, रविवार

मोठा निर्णय घेतला आहे.

नुसतं बघून उपयोग नाही, लिहिलं पाहिजे. ग्रंथालयाच्या वाचक मंडळाची बैठक सव्वीस तारखेला, गुरुवारी आहे. दर महिन्याला कोणी ना कोणी काहीतरी वाचतं. मागच्या महिन्यात एका रिटायर्ड इंजिनिअरने पुलांवर वाचलं. ते अजून संपलेलं नाही. या वेळी मी वाचणार. ग्रंथपालबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कशावर? मी म्हटलं, 'वाया गेलेली माणसं: एका प्रेमपटाचा अभ्यास'. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, छान, इंजिनिअरसाहेबांना सांगते की पूल पुढच्या महिन्यात.

माझी शाळा सातवीत सुटली. वाचन सुटलं नाही. मशीनवर पाय चालू आणि मांडीवर पुस्तक, असं त्या ग्रंथालयाचं अर्धं कपाट मी संपवलं आहे. सिनेमा कसा बघावा यावरही तिथे एक जाडं पुस्तक मिळालं. त्यात म्हटलंय की पडद्यावर काहीही उगाच नसतं, प्रत्येक वस्तूला अर्थ असतो. ट्रेबद्दल लेखकाचं काय म्हणणं आहे ते विचारायला हवं. पण चमच्याला हे बरोबर लागू पडतं. चमचा म्हणजे काळ. पुढे दोघं जण नाचतायत, ओरडतायत, सूपमध्ये हात घालतायत, आणि मागे एक माणूस एकटाच काळ ढवळत बसलाय. मान वळवून बघतो, तर शेजारी कोणी नाही.

हे लिहिलं आणि जरा वेळ मशीन चालवली.

सकाळी चहा पुन्हा दोघांचा टाकला गेला. मीच प्यायले. वाया कशाला घालवायचा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नुसत्या निबंधाने भागणार नाही, साक्ष पाहिजे. त्या दिवशी हजर असलेल्या कोणी उठून सांगितलं की यांनी काम कसं केलं, तर वन्संचंही तोंड बंद होईल. वन्सं येणारच आहेत, ग्रंथालयात बैठकीनंतर बिस्किटं असतात.

माणसं पुरवणाऱ्याला फोन केला. यांचं नाव काढल्यावर म्हणाला, वहिनी, देवमाणूस हो. बसमध्ये चढताना दुसऱ्याला खिडकी द्यायचे. मी म्हटलं, ते राहू दे, हॉटेलच्या सीनबद्दल सांगा. तो म्हणाला, त्या दिवशी मी दुसऱ्या सेटवर होतो, लग्नात दीडशे माणसं द्यायची होती. पण हॉटेलात होता असा एक आहे, तो परवाच साहेबांबद्दल विचारत होता. गेले म्हटल्यावर खाली बसला. त्याला पाठवू का?

बघा. सहकलाकार खाली बसतात. मी म्हटलं, सव्वीस तारखेला, पाच वाजता, स्वच्छ कपड्यात पाठवा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

निबंध उत्तम चालला आहे. धंदा थोडा मागे पडलाय.

एका गिऱ्हाइकाची पॅन्ट आखूड करायची होती. मनात उताऱ्याची जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर वर गेला. गिऱ्हाईक घालून बघताना म्हणाला, मावशी, हे काय? मी म्हटलं, उजवाही वर घेऊन देते, हल्ली घोटे दिसायची फॅशन आहे. तो म्हणाला, मी बँकेत असतो. मग त्याला बसवून हॉटेलच्या सीनबद्दल सांगितलं, म्हणजे मन कशात होतं ते कळावं. पॅन्ट तशीच ठेवून गेला.

दिग्दर्शकावरचा उतारा फारच झकास झालाय. त्यात त्या सावलीचा समाचार घेतला आहे. 'ज्या दिग्दर्शकाला एका कलावंताच्या टेबलावरून एका बावळटाची सावली हटवता येत नाही, त्याने लग्नाचे व्हिडिओ काढावेत.' हे वाचताना जरा थांबायचं, लोक हसतील.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तिकीट खिडकीवरच्या बाईने आज विचारलंच. काकू, तुमचं कोण आहे या सिनेमात? मी म्हटलं, कोणी नाही, मी समीक्षक आहे. ती म्हणाली, मग तो वाईट आहे हे एकदा बघून नाही कळलं? मी म्हटलं, वाईट किती प्रकारे आहे ते बघते आहे. तिने नेहमीची सीट दिली.

आज थिएटरचा एसी बंद होता. तरी डोळ्यांना सोसला नाही.

सगळे संवाद आता पाठ झालेत. 'आलात?' मी त्या बाईच्या आधी म्हणते. मी बरं म्हणते.

एक लक्षात आलं. हॉटेलचा सीन येण्याच्या आधी मी पर्समधून रुमाल काढून ठेवते, केस नीट करते. कशासाठी ते सांगता येत नाही. ते तर पाठमोरे आहेत.

संकल्प: बैठक झाली की हे सगळं बंद.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी.

आज बाराच्या खेळाला जाणार नाही. आवाज जपायचा आहे. निबंध आरशासमोर वाचून बघितला. बावळटाच्या वाक्याला मलाच हसू आलं.

बैठकीनंतर सगळ्यांना उद्या सिनेमाला घेऊन जायचा विचार आहे. ग्रंथपालबाई, इंजिनिअर, असतील तेवढे. मी मध्ये बसेन आणि वेळ आली की दोन्ही बाजूंना ढोसेन.

मुलीचाही फोन आला. मन लावून वाच, म्हणाली. मग म्हणाली, बाबांना आवडलं असतं. हे मी तिला सांगायला हवं होतं, ती मला सांगते आहे.

त्याच दिवशी, घरी आल्यावर.

निबंध वाचला. अर्धा.

माणसं चांगली जमली होती. इंजिनिअर पुढच्या रांगेत वही घेऊन. वन्सं बिस्किटांच्या बाजूला. एक जाडसर माणूस मागच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसला होता, सबंध वेळ खाली मान घालून. सहकलाकार तोच असावा असं वाटलं. अंगाने भरलेला, पण नम्र.

'आलात?'वाल्या बाईच्या उताऱ्याला लोकांनी माना डोलावल्या. ट्रेला हसले. मग मी चमच्यावर आले. चौथं टेबल, तपकिरी कोट, काळ ढवळणारा एकटा माणूस, असं वाचत होते. तेव्हा तो जाडसर माणूस उभा राहिला आणि म्हणाला, ताई, माफ करा. तो मी आहे.

मी म्हटलं, कोण?

तो म्हणाला, चौथ्या टेबलावरचा.

मी चष्म्यावरून बघितलं. कान डोक्याला चिकटलेले.

त्याने पिशवीतून कोट काढला. घडी घालून कागदात गुंडाळलेला. मी हात लावला नाही, तरी ओळखला. त्याला आतून हिरवं अस्तर आहे. तपकिरी मिळालं नव्हतं म्हणून मी हिरवं लावलं होतं आणि हे म्हणाले होते, आतून कोण बघतंय.

त्याने सांगितलं ते असं. तो त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता आणि पांढरा शर्ट घालून आला होता. दिव्यात पांढरं चकाकतं म्हणे, कॅमेऱ्याला चालत नाही. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. असिस्टंट म्हणाला, तू घरी जा. हा रडकुंडीला आला. घरी मुलीला सांगून आला होता, तुझा बाप सिनेमात दिसणार. चौथ्या टेबलावर बसलेल्या साहेबांनी ते ऐकलं. उठले, कोट काढला, त्याच्या अंगात चढवला आणि त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. म्हणाले, मी खूप सिनेमांत आलोय, लोक ओळखतात मला. आता तू ये.

इंजिनिअरने वही मिटली.

मी विचारलं, आणि हे? हे कुठे होते?

तो म्हणाला, कोटाखाली साहेबांचाही शर्ट पांढराच निघाला. त्यांना दिव्यांच्या मागे उभं केलं. मला चमचा कसा फिरवायचा ते कळेना, मी भराभरा ढवळत होतो. कॅमेरा चालू झाला, मी घाबरून डावीकडे बघितलं, तर साहेब तिथून हाताने करून दाखवत होते, सावकाश, सावकाश. दाखवता दाखवता पुढे आले आणि दिव्याच्या आड आले. टेबलावर सावली पडली. दिग्दर्शक असा ओरडला म्हणता! पण सूप संपलं होतं आणि हॉटेल रिकामं करून द्यायचं होतं. तोच सीन ठेवला.

शूटिंग संपल्यावर कोट थंडीत त्याच्याच अंगावर राहिला; हा माणूस लांब राहतो, म्हणून साहेब म्हणाले, पुढच्या शूटिंगला दे. पुढच्या शूटिंगला भेट झाली नाही. त्याने एवढं सांगितलं आणि विचारलं, ताई, तुम्हाला सिनेमात ती सावली दिसली का? माझी मुलगी म्हणते, बाबा, ती सावली कोणाची?

मला दिसली होती म्हणून सांगितलं.

ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, पुढे वाचता का? पुढचा उतारा सावलीचा होता. मी कागद चाळले आणि म्हटलं, एक पान घरी राहिलंय.

वन्सं उठून पाणी घेऊन आल्या. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगत होते. पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, सावलीत कान दिसत नाहीत गं. नाहीतर मी ओळखलं असतं.

बिस्किटं कोणी खाल्ली नाहीत. वन्संनी सगळी पिशवीत घातली आणि त्या माणसाला दिली, मुलीसाठी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी निबंधातून ते वाक्य खोडलं. खोडलेलंही वाचता येत होतं, म्हणून पान फाडलं.

साडेअकरालाच थिएटरवर गेले. वन्संना नेलं नाही, कोणालाच नेलं नाही. चौथ्या टेबलाकडे बघायचंच नाही, टेबलक्लॉथवर नजर ठेवायची, असं ठरवलं होतं. केस नीट केले.

पोस्टर बदललेलं. नवीन सिनेमा. तोच नायक, तेच हसू, या खेपेला स्कूटरवर.

आज शुक्रवार आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सिनेमे शुक्रवारीच बदलतात, हे मला हेच सांगायचे.

तिकीट खिडकीवरची बाई म्हणाली, काकू, काल शेवटचा खेळ होता, आणि नेमक्या काल तुम्ही नाही. प्रोजेक्टरवाला थांबला होता तुमच्यासाठी. म्हणाला, येतील, रोज येतात. मग कोणीच आलं नाही, तेव्हा रिकाम्या खुर्च्यांनाच दाखवला.

मी म्हटलं, काल मला भाषण होतं.

ती म्हणाली, टीव्हीवर येईल की कधीतरी. मी म्हटलं, टीव्हीवर कापतात. ती म्हणाली, वाईट सिनेमात कापण्यासारखं काय असतं? मी म्हटलं, असतं.

घरी आले. कोट उलटा करून बघितला. दोन्ही बगलांत उसवलाय, तो माणूस अंगाने भरलेला. कोपराचं रफू मात्र शाबूत आहे. बगलांना टाके घातले. कोणाला घालायचाय म्हणून नाही, उसवलेलं मला बघवत नाही.

संकल्प: सिनेमे बंद. पूर्ण बंद. उद्यापासून त्या बँकवाल्याची पॅन्ट, मग राहिलेली चेनची कामं, मग पुलांवरचं ऐकायला जायचं.

एक आठवलं. नवीन पोस्टरवर कोपऱ्यात थोरले नट आहेत. ट्रे काढून घेतलाय, हातात छत्री दिली आहे. म्हणजे सिनेमावाल्यांनी धडा घेतलेला नाही. समीक्षक म्हणून एकदा बघणं भाग आहे.

शिवाय गेल्या उन्हाळ्यात हे अजून एकदोन शूटिंगांना जाऊन आले होते. कुठल्या सिनेमाच्या ते मी विचारलं नाही. उन्हाळा होता, कोट नव्हता, अंगावर पांढरा शर्टच असणार, म्हणजे दिव्यांच्या मागेच उभं केलं असणार.

सोमवारी बाराचा खेळ. भिंती, जमीन, टेबलं, सगळं नीट बघायचं. नायकाकडे बघितलं नाही तरी चालेल.